चांगल्या दिवसांतली परीक्षा

पिंपरीच्या सेवा विकास सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2022 मध्ये रद्द केला. 10 ऑक्टोबरपासून बँकेचे व्यवहार थांबले. बँकेकडे पुरेसं भांडवल नाही, पुढे कमाईची आशा नाही आणि आज ती ठेवीदारांचे सगळे पैसे परत करू शकणार नाही, अशी कारणं आदेशात होती. दिलासा देणारं वाक्यही होतं: सुमारे 99 टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल. परवाना जाण्याच्या आधीच, 14 सप्टेंबरपर्यंत, महामंडळाने 152.36 कोटी रुपये वाटलेही होते.

99 टक्के ऐकायला बरं वाटतं. उरलेला एक टक्का म्हणजे कोण, हे मात्र या भागातल्या माणसाने नीट समजून घ्यावं. ठेव विम्याची मर्यादा माणशी पाच लाख आहे. 4 फेब्रुवारी 2020 पर्यंत ती एकच लाख होती, आणि 1993 पासून तिला कुणी हात लावला नव्हता. मुंबईची पीएमसी बँक सप्टेंबर 2019 मध्ये अडकली, लोक रस्त्यावर आले आणि त्यानंतर ती वाढली. ही मर्यादा खात्याला नसते, माणसाला असते. निगडीत, यमुनानगरात, त्रिवेणीनगर-तळवड्याच्या पट्ट्यात दोन-चार सीएनसी मशीन टाकून वर्कशॉप चालवणारे शेकडो लोक आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची फर्म प्रोप्रायटरी असते. फर्मचं करंट खातं आणि मालकाची स्वतःची मुदत ठेव एकाच बँकेत असेल, तर विमा दोन्हींची बेरीज करून पाचच लाख देतो. कामगारांच्या पगारासाठी आलेलं पेमेंट आणि मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी एकाच मर्यादेत कोंबली जाते. पन्नास वर्षांपूर्वी वसवलेल्या प्राधिकरणात राहणाऱ्या, कंपनीतून निवृत्त होऊन ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड एकाच शाखेत ठेवणाऱ्या माणसाचंही तेच.

म्हणून बँकांची आधीच परीक्षा घेण्याचा प्रश्न मला दूर वॉशिंग्टनचा वाटत नाही. बँक बुडण्याआधी, ती चालू असताना, तिला कुणी विचारायला हवं होतं: वाईट वर्ष आलं तर तुझ्याकडे काय उरेल? हा प्रश्न सक्तीने, ठरावीक मुदतीने आणि परक्या माणसाने विचारण्याच्या पद्धतीला ताण-चाचणी म्हणतात. जगातल्या मोठ्या बँकांना तिचा जाच वाटतो, आणि तो सैल करण्याचे कायदे होत राहतात.

भोसरी एमआयडीसीत प्रेशर व्हेसलचा जॉब बाहेर पडण्याआधी त्याची हायड्रो टेस्ट होते. आत पाणी भरून, रोजच्या वापरात येणार नाही इतका दाब चढवतात, गेज लावून थांबतात आणि वेल्डमधून थेंब झिरपतो का ते बघतात. ताण-चाचणीत पाण्याच्या जागी आकडे असतात. पर्यवेक्षक एक कल्पित वाईट काळ लिहून काढतो. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने 2024 साली 31 मोठ्या बँकांना दिलेल्या प्रसंगात बेरोजगारी 10 टक्क्यांवर जाते, घरांच्या किमती 36 टक्क्यांनी आणि व्यापारी इमारतींच्या 40 टक्क्यांनी कोसळतात. मग हिशेब सुरू होतो: किती कर्जं थकतील, तारण विकून किती वसूल होईल, रोख्यांवर किती तोटा होईल आणि शेवटी भांडवल किती उरेल. त्या वर्षीचं उत्तर होतं 685 अब्ज डॉलरचा एकूण तोटा, आणि तरीही सगळ्या बँका किमान भांडवलाच्या वर.

गणित लहान आकड्यांत असं. बँकेने 100 रुपये कर्ज दिलंय. त्यांत 88 ठेवीदारांचे, 12 तिचे स्वतःचे. सहा रुपयांची कर्जं थकली आणि निम्मी वसुली झाली, तर तीन रुपये गेले. ते आधी बँकेच्या 12 मधून जातात, उरतात नऊ. आपल्याकडे व्यापारी बँकांसाठी जोखीमभारित मालमत्तेच्या नऊ टक्के भांडवल ही किमान रेषा आहे, आणि तिच्यावर अडीच टक्क्यांची राखीव गादी. कर्जं 24 रुपयांची थकली तर भांडवल शून्य, आणि त्यापुढचा प्रत्येक रुपया ठेवीदाराचा. चाचणीला एवढंच शोधायचं असतं की ठेवीदारापर्यंत पोचायला किती वाईट काळ लागेल.

2009 च्या फेब्रुवारीत, लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर पाच महिन्यांनी, अमेरिकेत कुणाचाच कुणाच्या ताळेबंदावर विश्वास नव्हता. फेडने 19 सर्वांत मोठ्या वित्तसंस्थांची चाचणी घेतली आणि 7 मे रोजी निकाल नावानिशी जाहीर केला. दहा संस्थांना मिळून सुमारे 75 अब्ज डॉलर भांडवल उभारायला सांगितलं. नावं छापली तर घबराट होईल असं अनेकांना वाटत होतं. झालं उलट. आकडा कळल्यावर गुंतवणूकदार परतले, कारण भीती आकड्याची नव्हती, तो माहीत नसण्याची होती. पुढच्या वर्षी, 21 जुलै 2010 रोजी, डॉड-फ्रँक कायद्याने ही चाचणी दरवर्षीची केली. 50 अब्ज डॉलरहून मोठ्या बँकांची चाचणी फेड घेणार, आणि 10 अब्जांवरच्या बँकांनी स्वतःची स्वतः घ्यायची.

मग चांगले दिवस आले आणि तक्रारी सुरू झाल्या. त्या सगळ्या खोट्या नव्हत्या. चाचणीसाठी मोठा कर्मचारीवर्ग लागतो, मॉडेलं लागतात, सल्लागार लागतात. मध्यम बँकेला तो खर्च वॉल स्ट्रीटवरच्या अवाढव्य बँकेपेक्षा जास्त बोचतो. शिवाय फेडची मॉडेलं बंद पेटीत होती, बँकेला आपण कुठे अडकलो ते नीट कळत नसे. कॅलिफोर्नियातल्या सिलिकॉन व्हॅली बँकेचे प्रमुख ग्रेग बेकर यांनी 2015 साली सिनेटच्या समितीला लेखी निवेदन देऊन ही रेषा वर नेण्याची मागणी केली. आमचा धंदा साधा, धोका कमी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

24 मे 2018 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये तो 67 विरुद्ध 31 मतांनी मंजूर झाला होता, म्हणजे विरोधी डेमोक्रॅट पक्षातल्याही काहींनी साथ दिली होती. 50 अब्जांची रेषा 250 अब्जांवर गेली. 100 ते 250 अब्जांमधल्या बँकांची चाचणी किती वेळा घ्यायची हे फेडवर सोडलं, आणि फेडने पुढच्या वर्षी ती एक वर्षाआड केली. चाचणीतला मधला, मध्यम वाईट प्रसंगही गाळला. बँकांनी स्वतः घ्यायच्या चाचणीतून 250 अब्जांखालच्या जवळपास सगळ्या बँका सुटल्या.

पुढचं ठाऊक आहे. सिलिकॉन व्हॅली बँक झपाट्याने वाढून 2022 अखेर सुमारे 209 अब्ज डॉलरची झाली. ठेवी आल्या त्या तिने लांब मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जाच्या रोख्यांत घातल्या. व्याजदर चढले तसे त्या रोख्यांचे भाव पडले. 8 मार्च 2023 रोजी तिने 1.8 अब्ज डॉलरचा तोटा सोसून रोखे विकल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी 42 अब्ज डॉलर काढले, आणि 10 मार्चला बँक सरकारच्या ताब्यात गेली. तिच्या 90 टक्क्यांहून अधिक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेरच्या होत्या. फेडची तिची पहिली चाचणी 2024 साली व्हायची होती.

इथे घाईने निकाल लावू नये, कारण गोष्ट अर्धीच झाली. फेडचे उपाध्यक्ष मायकेल बार यांनी एप्रिल 2023 च्या अहवालात नियम सैल केल्याचा आणि पर्यवेक्षकांच्या मवाळपणाचा दोष मान्य केला. पण 2022 च्या चाचणीतला गंभीर प्रसंग बघा: त्यात मंदी येते आणि व्याजदर शून्याजवळ उतरतात. दर उतरले तर रोखे महाग होतात, म्हणजे ही बँक त्या परीक्षेत कदाचित सहज पास झाली असती. तिला मारलं ते दर चढण्याने, आणि तो प्रश्न पेपरातच नव्हता. म्हणून मला कायद्याने रेषा सरकवण्यापेक्षाही एक गोष्ट जास्त घातक वाटते. परीक्षा सैल झाली की विचारणाऱ्याची सवय सैल होते. दरवर्षी बँकेत जाणारा, वह्या उघडणारा माणूस चुकीचा प्रश्न विचारत असला तरी समोरचे रोखे त्याच्या नजरेस पडतात. जो जातच नाही त्याला काहीच दिसत नाही.

आपल्याकडे ही चाचणी कोणत्याही स्वतंत्र कायद्यात नाही. रिझर्व्ह बँकेने 2007 साली बँकांना ताण-चाचणीची मार्गदर्शक तत्त्वं दिली, डिसेंबर 2013 मध्ये ती कडक केली, आणि 2010 पासून ती स्वतःही वित्तीय स्थैर्य अहवालात चाचणीचे निकाल छापते. त्यामुळे आपल्याकडे नियम सैल करायला संसदेत विधेयक लागत नाही. एक परिपत्रक पुरतं. तसं ते झालंही, आणि त्याची किंमत पुण्याच्याच बँकेने मोजली.

2008 च्या जागतिक संकटात रिझर्व्ह बँकेने सवलत दिली: कर्जाची फेररचना केली तरी ते चांगलं कर्ज म्हणूनच दाखवता येईल. त्या वर्षापुरती ती योग्य होती. चाकणमध्ये तेव्हा गाड्यांचे नवे कारखाने उभे राहत होते, भोसरीत व्हेंडरांची शेड्युलं अचानक अर्ध्यावर आली होती, आणि चालत्या वर्कशॉपला सहा महिन्यांच्या अडचणीसाठी थकीत (एनपीए) ठरवणं वेडेपणाचं होतं. पण अर्थव्यवस्था सावरली तरी सवलत चालू राहिली. 1 एप्रिल 2015 पर्यंत. या काळात बँकांनी पूल, वीजप्रकल्प, पोलादाची न परतणारी मोठी कर्जं पुन्हा पुन्हा नव्या मुदतीत गुंडाळली. ताळेबंद गुळगुळीत दिसत राहिला. अशा ताळेबंदावर ताण-चाचणी केली तरी व्यर्थ, कारण सुरुवातीचाच आकडा खरा नसतो.

रघुराम राजन गव्हर्नर असताना 2015 च्या उत्तरार्धात रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची तपासणी घेतली. कल्पित संकट नाही, प्रत्यक्ष कर्जाच्या फायली. भारतातली सगळ्यांत खरी परीक्षा तीच, असं माझं मत आहे. सगळ्या व्यापारी बँकांचं थकीत कर्ज मार्च 2015 मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होतं, ते मार्च 2018 मध्ये 11 टक्क्यांच्या वर गेलं. नवीन काही बिघडलं नव्हतं. झाकलेलं दिसायला लागलं होतं.

बँक ऑफ महाराष्ट्र 1935 साली पुण्यात नोंदली गेली आणि फेब्रुवारी 1936 मध्ये सुरू झाली, ती छोट्या उद्योजकाला बळ द्यायला. पिंपरी-चिंचवडच्या कित्येक कारखान्यांची पहिली सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट याच बँकेची. तिचं ढोबळ थकीत कर्ज मार्च 2018 मध्ये 19.48 टक्के होतं. जून 2017 मध्येच रिझर्व्ह बँकेने तिला त्वरित सुधारणा कृतीच्या चौकटीत टाकलं होतं, ज्याला बँकेतले लोक पीसीए म्हणतात. चौकटीत गेलेल्या बँकेला लाभांश, विस्तार, नव्या शाखा यांवर बंधनं येतात, आणि जोखमीची कर्जं देताना हात आखडावा लागतो.

हा आखडलेला हात कुणाच्या गळ्याशी येतो? पोलादाच्या बुडव्या कर्जदाराच्या नाही, तो केव्हाच दिवाळखोरी न्यायाधिकरणात वकील घेऊन बसलेला असतो. दर महिन्याला वेळेवर स्टॉक स्टेटमेंट देणाऱ्या, नव्या मॉडेलचं शेड्युल हातात असलेल्या आणि लिमिट वाढवून मागणाऱ्या व्हेंडरच्या गळ्याशी येतो. नियम सैल करा म्हणणाऱ्यांची सगळ्यांत सच्ची बाजू ही आहे, आणि ती झटकून टाकणाऱ्याने एकदा महिनाअखेरीस पगार करणाऱ्या छोट्या मालकासमोर बसावं. मोठ्या गाडी कंपनीचं पेमेंट 60 किंवा 90 दिवसांनी येतं. कच्चा माल रोख लागतो. मधलं अंतर बँकेनेच भरायचं असतं.

2018 च्या शरदात केंद्र सरकारने हीच बाजू लावून धरली. सरकारी 21 बँकांपैकी 11 पीसीएमध्ये होत्या, पतपुरवठा अडतोय, चौकट सैल करा, भांडवलाची अट लांबवा, असा दबाव होता. 26 ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यानात मध्यवर्ती बँकेच्या स्वायत्ततेची बाजू उघडपणे मांडली. 19 नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाची बैठक तासन् तास चालली. भांडवलाच्या राखीव गादीच्या शेवटच्या टप्प्याला एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, म्हणजे मार्च 2020 पर्यंत. 25 कोटींपर्यंतच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कर्जांसाठी एकवेळ फेररचनेचा मार्ग निघाला, आणि 1 जानेवारी 2019 च्या परिपत्रकाने तो लागू झाला. त्याआधीच, 10 डिसेंबरला, गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी वैयक्तिक कारण देऊन राजीनामा दिला होता. वॉशिंग्टनमध्ये मे महिन्यात जे कायद्याने झालं, त्याची आपली आवृत्ती त्याच वर्षी अशी बंद दाराआड झाली.

बँक ऑफ महाराष्ट्रचं काय झालं ते बघण्यासारखं आहे. तिने बुडीत कर्जांसाठी एकदम मोठी तरतूद केली आणि 2018-19 या वर्षात 4,700 कोटींहून अधिक तोटा दाखवला. केंद्राने भांडवल घातलं. 31 जानेवारी 2019 रोजी ती चौकटीतून बाहेर पडली. तिथून पुढे थकीत कर्ज उतरत गेलं आणि मार्च 2025 मध्ये 1.74 टक्क्यांवर आलं. कडक चौकटीने बँक मेली नाही. तोटा मान्य करायला भाग पडल्यामुळे ती पुन्हा कर्ज देण्याच्या स्थितीत आली. मे 2020 मध्ये कोविडच्या टाळेबंदीत सरकारने तीन लाख कोटींची हमी देऊन आपत्कालीन कर्ज योजना आणली, तेव्हा अडचणीतल्या व्हेंडरला जुन्या बाकीच्या 20 टक्के जादा कर्ज देण्याइतकी ताकद बँकांमध्ये होती. 2015 च्या आधीच्या अवस्थेत ती असती का, याची मला दाट शंका आहे.

आता पुन्हा सहकारी बँकांकडे. अमेरिकेत वाद चालतो तो 50 की 250 अब्ज डॉलर, म्हणजे मोठी कुणाला म्हणायचं यावर. या वादात एक गृहीत लपलेलं असतं: लहान बँक बुडाली तर व्यवस्था हलत नाही, म्हणून तिची कडक परीक्षा नको. व्यवस्थेच्या दृष्टीने ते बरोबर आहे. ठेवीदाराच्या दृष्टीने नाही. सेवा विकास बुडाल्याने भारताची बँकिंग व्यवस्था हलली नाही. पुण्याच्या 1912 सालच्या रुपी बँकेचे ठेवीदार फेब्रुवारी 2013 पासून वर्षानुवर्षं निर्बंधांत अडकले आणि सप्टेंबर 2022 मध्ये बँकेचा परवानाच गेला, तरी व्यवस्था हलली नाही. हलली ती माणसं. औषधपाण्याला, लग्नाला, घराच्या हप्त्याला स्वतःचेच पैसे मागणारी.

आणि लहान बँकेला विचारायचे प्रश्न अवघडही नसतात. सर्वांत मोठा कर्जदार बुडाला तर? पीएमसी बँकेची जवळपास 70 टक्के कर्जं एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि ती हजारो बनावट खात्यांमागे लपवली होती. सेवा विकासच्या कर्जवाटपाचा तपासही पुढे अंमलबजावणी संचालनालयापर्यंत गेला. अशा ठिकाणी संगणकाचं मॉडेल कामाचं नाही. आधी फायली उघडायच्या, कर्जदाराच्या दारात जायचं, मग ताणाचं गणित. हा क्रम उलटला की चाचणी कागदी राहते.

बदल झालेत. 2020 च्या कायदादुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांवर अधिक अधिकार मिळाले. 2022 मध्ये नागरी सहकारी बँका ठेवींच्या आकारावरून चार स्तरांत विभागल्या गेल्या, आणि वरच्या तीन स्तरांना 12 टक्के भांडवलाची अट आली. 1 एप्रिल 2025 पासून त्यांनाही पीसीएची चौकट लागू आहे. फक्त पहिला स्तर, मुख्यतः 100 कोटींपर्यंत ठेवी असलेल्या बँका, तिच्या बाहेर. पुन्हा तीच रेषा, आणि तिच्या खाली गल्लीतली बँक.

आज दिवस चांगले आहेत. मार्च 2025 मध्ये देशातल्या व्यापारी बँकांचं ढोबळ थकीत कर्ज 2.3 टक्के होतं, कित्येक दशकांतलं सर्वांत कमी. रिझर्व्ह बँकेच्या जून 2025 च्या अहवालातला अंदाज होता की सर्वसाधारण परिस्थितीत मोठ्या बँकांचं थकीत कर्ज मार्च 2027 पर्यंत 2.5 टक्के होईल आणि वाईट प्रसंगात 5.6 टक्क्यांपर्यंत जाईल. अमेरिकेतही बँकांच्या संघटनांनी डिसेंबर 2024 मध्ये फेडवर दावा लावला आणि 2025 मध्ये फेडने स्वतःच दोन वर्षांच्या निकालांची सरासरी धरण्याचा, मॉडेलं आणि प्रसंग आधी लोकांपुढे ठेवण्याचा प्रस्ताव आणला. मॉडेल उघड करणं मला पटतं. पेपर आधीच फोडणं पटत नाही, कारण मग बँका त्या पेपरापुरतीच तयारी करतील आणि सगळ्यांची तयारी एकाच जागी तोकडी पडेल.

आपल्या अहवालात मात्र एक उणीव आहे जी अमेरिकेने 2009 सालीच भरून काढली. वाईट प्रसंगात किती बँका रेषेखाली जातील हे रिझर्व्ह बँक सांगते, कोणत्या ते सांगत नाही. नाव छापलं तर रांगा लागतील, ही भीती समजण्यासारखी आहे, विशेषतः व्हॉट्सअपवरच्या एका मेसेजने शाखेपुढे गर्दी होते अशा काळात. तरीही निकाल नावानिशी जाहीर व्हायला हवेत. सुरुवात मोठ्या व्यापारी बँकांपासून, आणि दोन-तीन वर्षांत तिसऱ्या-चौथ्या स्तरातल्या सहकारी बँकांपर्यंत. निगडीतला वर्कशॉपवाला आपल्या गिऱ्हाईक कंपनीची बाजारातली पत चौकशी करून माल देतो. स्वतःचे पाच लाखांवरचे पैसे कुठे ठेवायचे हे ठरवताना त्याच्या हाती ठेवीचा व्याजदर आणि शाखाधिकाऱ्याची ओळख, एवढंच असतं.